तुम्ही विचारलंत म्हणून: उष्ण बेटांवरची ईथरची भूल

1950 च्या दशकात जमैकासारख्या उष्ण बेटांवर भुलीचं यंत्र नसलेल्या लहान रुग्णालयांत पोट उघडायची ऑपरेशनं कशी होत, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. जमैकात मोनाचं विद्यापीठ रुग्णालय 1953 मध्ये सुरू झालं, पण दूरच्या लहान रुग्णालयांत भरवशाची चीज एकच होती, ईथर, म्हणजे हुंगवून भूल देणारं द्रव. वीज नको, भुलीच्या वायूचं सिलिंडर नको आणि बेताने दिलं तर श्वास चालू राहतो.

त्या काळची पद्धत दिसायला साधी. आधी ॲट्रोपिन 0.6 मिलिग्रॅम, नाहीतर लाळ आणि कफ घशात साचतो. डोळ्यांवर मलम आणि पट्टी. मग तारेच्या सांगाड्यावर गॉजचे थर लावलेला मास्क नाकातोंडावर धरायचा आणि बाटलीतून थेंब सोडायचे, सुरुवातीला मिनिटाला साधारण 12, मग हळूहळू वाढवत. घाई केली की रुग्ण श्वास रोखतो, खोकतो, हातपाय झाडतो. नीट भूल चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ती द्यावीच लागतात.

उष्ण हवेची अडचण वेगळीच. ईथर 34.6 अंशांना उकळतं. किंग्स्टनमध्ये दुपारी पारा 32 वर असताना बरंचसं ईथर रुग्णापर्यंत पोचण्याआधीच खोलीत उडून जाई. उलट मास्कवर उडताना ते गॉज इतका गार करतं की दमट हवेतली आणि श्वासातली वाफ तिथे गोठते. गॉजवर पांढरा बर्फाचा थर दिसला की समजायचं, थेंब आता नीट मुरत नाहीत, भूल उतरू लागेल. नवखा माणूस इथेच जास्त ओततो आणि ईथर गालावर ओघळून कातडी भाजते. उपाय एवढाच: दुसरा कोरडा मास्क आधीच तयार ठेवायचा.

ईथरची वाफ हवेहून अडीचपट जड, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेटते. म्हणून डायथर्मी (विजेने कापायचं, डागायचं यंत्र) बंद, स्पिरिटचा दिवा बाहेर.

मास्कखाली प्राणवायू कमी पडतो. त्यासाठी कडेने बारीक रबरी नळी सरकवून मिनिटाला 300 ते 500 मिलिलिटर ऑक्सिजन सोडायचा. जमैकात याला दुप्पट महत्त्व, कारण तिथे साधारण दर दहा माणसांत एक सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असतो. आजार असलेल्या रुग्णाचा प्राणवायू घटला, अंगातलं पाणी कमी झालं किंवा तो गारठला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवतात. म्हणून सलाइन आधीपासून चालू, पांघरूण हाताशी, आणि टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) शक्यतो टाळायचा. तपासणी सोपी: काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात ताजं 2 टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट, वर काच ठेवून कडा व्हॅसलीनने बंद. हे रसायन प्राणवायू काढून घेतं, त्यामुळे सिकलसेलच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वाकलेल्या दिसतात. द्रावण शिळं असेल तर पेशी वाकत नाहीत आणि रुग्ण निर्धोक आहे असं चुकून वाटतं. सिकलसेलची कळ ॲपेंडिक्ससारखीही दिसते, त्यामुळे सुरी उचलण्याआधी ही काच पाहिलेली बरी. सिकलसेल विदर्भातही आढळतो, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना हे वेगळं सांगायला नको.

1956 मध्ये ईएमओ व्हेपोरायझर, म्हणजे ईथरची मोजून वाफ देणारं उपकरण, आला. त्यातलं पाण्याचं आवरण ईथर फार गार होऊ देत नाही आणि वाफेचं प्रमाण काट्यावर ठरवता येतं. गॉजवरचा बर्फ तिथे संपला. उलट्या मात्र राहिल्या. म्हणून ऑपरेशननंतर रुग्णाला कुशीवर वळवून, हनुवटी पुढे उचलून ठेवायचं आणि तो स्वतः खोकून घसा साफ करेपर्यंत परिचारिकेने उशाजवळून हलायचं नाही.