पॅराशूट दाराबाहेर

"मग इथल्या गनरचं पॅराशूट कुठे ठेवायचे?" लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर बॉम्बर विमानाच्या शेपटीकडे बघत भाचीने विचारलं.

टरेटच्या, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या कोठडीच्या, बाहेर. आत मागचा गनरच कसाबसा मावायचा. विमान पेटलं तर पाठीमागचं दार उघडायचं, हात घालून पॅराशूट ओढायचं, छातीला अडकवायचं, मग उडी. तेही थंडीने बधिर झालेल्या बोटांनी! पोरं जेमतेम विशीतली हो.

सात जणांचा क्रू, एका टूरला (नेमणुकीच्या एका फेरीला) साधारण 30 मोहिमा. बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, 55 हजारांवर लोक गेले.

आणि खाली त्यांच्या बॉम्बनी उद्ध्वस्त झालेली हॅम्बुर्ग, ड्रेस्डेनसारखी जर्मन शहरं.

लंडनच्या ग्रीन पार्कमधलं बॉम्बर कमांडचं स्मारक थेट 2012 मध्ये झालं. त्यावर बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सगळ्याच देशांच्या लोकांचा उल्लेख आहे. एवढा उशीर का झाला असेल, काय वाटतं तुम्हाला?