सातवीतल्या मुलीचं मत
परवा लेक शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि म्हणाली, आई, आज मी मत दिलं. मला वाटलं मॉनिटरचं वगैरे असेल. तर नाही, आमच्या अख्ख्या काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, सरकारी शाळा जे स्कूल बोर्ड चालवतं ना, त्या बोर्डावर बसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी होतं ते मत.

आम्ही राहतो अमेरिकेत, मेरीलँड राज्याच्या माँटगोमेरी काउंटीत, वॉशिंग्टनला लागूनच. इथे दोनशेच्या वर शाळा आणि दीड लाखाच्या वर मुलं. बोर्डावर आठ जण, त्यातले सात लोकांनी निवडलेले मोठे आणि आठवा हायस्कूलचा विद्यार्थी. शाळाशाळांचे प्रतिनिधी जमून दोन उमेदवार ठरवतात, मग एप्रिलमध्ये सहावी ते बारावीची मुलं मत देतात, टर्म एक वर्षाची. आणि तो नुसता शोभेला नसतो, बजेट, शाळा बंद करणं, शाळांच्या हद्दी सगळ्यावर त्याचं मत धरतात. कर्मचाऱ्यावरच्या कारवाईत मात्र नाही, ते मला बरोबरच वाटतं.

हद्दी म्हणजे कुठल्या घरातलं मूल कुठल्या शाळेत जाणार ते. एका शाळेत फ्री लंच घेणारी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं खूप आणि थोड्याच अंतरावरच्या दुसरीत अगदी थोडी, असं का होतं ते या हद्दींत दडलेलं असतं, म्हणून इक्विटीचं, म्हणजे सगळ्या मुलांना न्याय्य संधी मिळण्याचं, खरं भांडण इथेच होतं. २०१९ च्या जानेवारीत पूर्ण काउंटीच्या हद्दी तपासायचा ठराव बोर्डाने केला तो तेव्हाच्या विद्यार्थिनी सभासदाच्या पुढाकाराने, आणि त्यावर पालकांच्या सभा किती तापल्या ते इथले जुने लोक अजून सांगतात. घराच्या किमतीपासून सगळं त्यात आलं. बारावीतल्या मुलीने तो विषय टेबलावर ठेवला याचं मला फार कौतुक वाटतं.

सगळ्यांना हे पटतं असं नाही. शेजारच्या हॉवर्ड काउंटीत कोव्हिडच्या वेळी शाळा उघडण्यावरून बोर्डात ४-४ मतं पडून ठराव अडकले, त्यात एक मत विद्यार्थी सभासदाचं, मग दोन पालक कोर्टात गेले की मुलांनी निवडलेल्या मुलाला मताचा अधिकार कसा. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वात वरच्या कोर्टाने निकाल दिला की अधिकार आहे.

हे सगळं वाचताना मला आमची जिल्हा परिषदेची शाळा आठवली. आमच्याकडेही मंत्रिमंडळ होतं, मी आरोग्यमंत्री. रोज परिपाठानंतर ओळीने सगळ्यांची नखं बघायची, ज्याची वाढलेली त्याचं नाव बाईंना द्यायचं. आणि मुलींच्या मुतारीला दार नव्हतं. आम्ही दोघी दोघी जायचो, एक बाहेर ओढणी धरून उभी राहायची, काही जणी तर दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. आरोग्यमंत्र्याला कुणी कधी विचारलं नाही, आणि हे सांगायचं असतं हे मलाही कधी सुचलं नाही. बजेट कुठे होतं, कुणाच्या हातात होतं, कुणाला माहीत.

रात्री जेवताना लेकीला हे सांगितलं. तिने घास तसाच ताटात ठेवला.

"किती वर्षं होतीस गं तू त्या शाळेत?"

"सात."