शिटीचं खतखतं

परवा दुपारी शेजारच्या मामींनी वाटीभर खतखतं, म्हणजे आमच्या गोव्याची डाळीतली मिश्र भाजी, पाठवलं. दार उघडायच्या आधीच तेफळांचा, म्हणजे तिरफळांचा, वास आत आला, मागोमाग वाटी. अर्ध्या तासापूर्वी भिंतीपलीकडे कुकरच्या चार शिट्या झालेल्या मी ऐकल्या होत्या, पण त्या डाळभाताच्या असतील असं समजून सोडून दिल्या होत्या. वाटीत चमचा घातला आणि सगळा उलगडा झाला. सुरण कुठला, मुळा कुठला, काही पत्ता लागेना. चव उत्तम होती, हे आधीच लिहून ठेवतो, कारण मामी हे वाचणार. पण कुकरात खतखतं?

थालीपीठ म्हटलं की कानात काही वाजत नाही. पुरणपोळी म्हटलं तरी नाही. खतखत्याचं मात्र नावच मुळी चुलीवर ऐकून ठेवलेलं. ते खतखततं म्हणून खतखतं. कुकरात बिचारं आत काय करतं कुणास ठाऊक, बाहेर नुसती शिटी ऐकू येते. मग त्याला शिटीचं सांबार म्हणावं, माझी हरकत नाही.

आता हे सगळं सुचायला कारण थंडी. गोव्यातली थंडी म्हणजे पंखा पाचावरून दोनावर, इतकीच. पहाटे पारा विसाच्या जरा खाली उतरला की आमच्याकडे कानटोप्या बाहेर पडतात आणि ‘आयज हिंव पडलां’ असं एकमेकांना सांगत लोक दूध आणायला जातात. नाशिकची मामेबहीण यावर खूप हसते. हसू दे. दुपारी बाराला पुन्हा घाम येतो हेही खरं, पण त्या चार-पाच तासांच्या पहाटेने भूक बदलते. सोलकढीवरचं मन उडतं, नाचणीचं तिजन आठवतं, कुळथाचं पिठलं आठवतं, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अंगाला माती लागलेले करांद्याचे कंद दिसले की पिशवी आपोआप उघडते.

बाजारावरून आठवलं. बायको पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत खतखत्याची यादी घेऊन एकटी म्हापशाला गेली. यादीत आईच्या अक्षरात ‘दुदी’. ही हिरवा लांबोडका दुधी शोधत बाजारभर फिरली. शेवटी एका बाईने लाल भोपळ्याची भलीमोठी फोड हिच्या पिशवीत टाकली आणि वर म्हणाली, ‘हीच गो दुदी.’ घरी आल्यावर तिने ती फोड ओट्यावर ठेवली आणि आईकडे असं पाहिलं, की जणू आम्ही मुलीकडच्यांपासून काही लपवून ठेवलं होतं.

आजीचं खतखतं डिचोलीच्या घरी, मागच्या पडवीतल्या चुलीवर व्हायचं. तयारी सकाळपासून. करांदे वेगळे उकडून घ्यायचे, नाहीतर त्यांचा कडूपणा सगळ्या मडक्यात उतरतो. सुरणाच्या फोडी चिंचेच्या पाण्यात, घशाला खाजू नये म्हणून. तेफळं पावसाळ्यात वाळवून बरणीत भरलेली असायची. ती काढून त्यांतल्या काळ्या बिया निवडायचं काम आम्हा पोरांचं. बी कडक, उपयोग फक्त टरफलाचा. एखादं टरफल चुकून दाताखाली आलं की जीभ अशी बधिर व्हायची, की पुढची दहा मिनिटं आम्ही एकमेकांशी मुद्दाम बोबडं बोलायचो. तूरडाळ शिजत आली की भाज्या पडायच्या, पण एकदम नाही. आधी सुरण आणि माडी (अळवाचा कंद), मग मुळा, शेवग्याच्या शेंगा, हिरवी केळी, मग कणगी (म्हणजे रताळं), सगळ्यात शेवटी दुदी, कारण ती लाजाळू, उष्णता लागली की विरघळते. मग रगड्यावर वाटलेलं नारळ-मिरची-हळदीचं वाटप, सोलं (आमसुलं), गुळाचा खडा, ठेचून पाण्यात भिजवलेली तेफळं. कांदा नाही, लसूण नाही, फोडणीसुद्धा नाही. भाज्यांची संख्या पाच, सात अशी विषम. का, ते विचारायचं नाही.

आणि मग तो आवाज. सुरुवातीला नुसतं बुडबुड. डाळ आणि वाटप मिळून आलं की आवाज जाडा होतो, एकेक बुडबुडा वर येऊन फुटायला वेळ लावतो. खत्... खत्. फुटला की तिथे क्षणभर खळगा राहतो, आणि एक पिवळा थेंब मडक्याच्या काठाबाहेर उडतो. आजी सुपारी कातरत बसलेली असायची, मडक्याकडे पाठ करून. आवाज बदलला की न वळता सांगायची, ‘लाकूड काढ एक.’

वडिलांनी पगारातून पहिला कुकर आणला तेव्हा आजीने तो पाहिला, शिटी ऐकली, आणि म्हणाली, ‘शिटी मारता ती आगगाडी. रांदप न्हय तें.’ म्हणजे, हा स्वयंपाक नव्हे. भातापुरती परवानगी मिळाली.

तिची आणखी एक बंदी होती, बटाट्यावर. बटाटा पाखल्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा. देवाच्या नैवेद्याला चालणाऱ्या खतखत्यात तो कसा येणार? समाराधनेच्या पंगतीत केळीच्या पानावर वाढलेल्या खतखत्यात एकदा तिला बटाट्याची फोड सापडली, ती तिने पानाच्या कडेला सरकवून ठेवली, अस्पृश्यासारखी. मी कॉलेजात जाऊन शहाणा झालो तेव्हा तिला सांगितलं, की आजी, 1510 साली पोर्तुगीज आले नसते तर तुझ्या मडक्यात कणगी नसती, दुदी नसती, चवथीच्या खतखत्यातलं मक्याचं कणीस नसतं आणि लाल मिरचीही नसती. सगळी अमेरिकेहून आलेली, त्याच जहाजांच्या कृपेने. एवढंच कशाला, ‘बटाटा’ हे नावसुद्धा मुळात कणगीचं. तिकडच्या बेटांवरचे लोक कणगीला बटाटा म्हणायचे, पोर्तुगिजांनी ते उचललं आणि मग खऱ्या बटाट्यालाही चिकटवलं. आजीने शांतपणे ऐकून घेतलं. ‘कणगी कित्याक आमच्या शेतांत जाता मगे?’ (मग कणगी आमच्या शेतात का होते?) एवढंच म्हणाली. माझा इतिहास तिथेच संपला. बटाटाही शेतात होतो, हे मला संध्याकाळी सुचलं.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिला ऐकू येईनासं झालं. पडवीतली चूल तेव्हा गेलेली, गॅस आलेला, पण खतखत्याला मडकंच. आई दर पाच मिनिटांनी सांगायची, ‘खतखततं आहे हो.’ आजीचा विश्वास नसायचा. ती उठायची, करवंटीचा दवला मडक्यात सोडायची आणि त्याचा लाकडी दांडा नुसता धरून उभी राहायची. ढवळायची नाही. डोळे मिटून, दोन बोटांत दांडा. मग म्हणायची, ‘आता झालं.’

काल मामींची वाटी परत करायची होती. रिकामी कशी पाठवणार, म्हणून मीच खतखतं केलं, भांड्यात, झाकण न ठेवता, दीड तास. गॅस किती गेला, हे बायको महिनाअखेरीस सांगेलच. मध्येच पातेल्यात डाव सोडून दोन बोटांत दांडा धरून पाहिला.

डाव स्टीलचा. चटका बसला.