पंचावन्न सेकंद

त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं सिरियल पोर्टचं. दुसऱ्या वर्षाची बॅच, वीस मुलं, दहा किट. ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपकडून कॉम्प्युटरला, एकामागून एक बिट सोडत, अक्षरं पाठवायची, एवढंच काम. मायक्रोकंट्रोलरच्या पहिल्यावहिल्या कोर्समधलं माझं सगळ्यात आवडतं प्रॅक्टिकल हेच. तोवर मुलांनी एलईडी लुकलुकवलेले असतात, सेव्हन सेगमेंटवर आकडे आणलेले असतात, स्टेपर मोटर फिरवलेली असते. पण चिप पहिल्यांदा बोलते ती इथे. आपण पाठवलेलं अक्षर स्क्रीनवर उमटलं की मुलांचे चेहरे बघत राहावेत असे होतात.

इंटेलने १९८० साली आणलेली चिप अजून कशाला शिकवता, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी ती मनापासून शिकवते, कारण तिच्यात काही झाकलेलं नाही. आर्डुइनोच्या तयार बोर्डमध्ये वेग म्हणून ९६०० (सेकंदाला इतके बिट) लिहिलं की काम झालं. ८०५१ मध्ये ते ९६०० येतात कुठून, हे स्वतः काढावं लागतं. चिपला ठोके देणारा क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचा. चिप त्याला १२ ने भागते, राहिले ९,२१,६००. सिरियल पोर्टसाठी आणखी ३२ ने भाग, राहिले २८,८००. त्यातून ९६०० हवेत तर भागा ३ ने. म्हणजे चिपमधल्या 'टायमर एक'ने तीन मोजून उलटायचं, म्हणून टीएच-वन या त्याच्या रजिस्टरमध्ये २५६ वजा ३, २५३, हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) एफडी. बाकी शून्य. ११.०५९२ हा असला अडनिडा आकडा कुणी का निवडला असेल, हे या भागाकाराच्या शेवटी मुलांना आपोआप कळतं. मी फळ्यावर हा हिशोब पुरा करत नाही, शेवटची पायरी त्यांच्याकडून करून घेते.

तर सहा टेबलांवर अक्षरं आली आणि चार टेबलांवर कचरा आला. प्रोग्राम सगळ्यांचा एकच, दर अर्ध्या सेकंदाला एक अक्षर. सहा जागी स्क्रीनवर 'ए' येत होता, चार जागी उलटा उद्गारवाचक, मध्येच कसली तरी चौकोनी चिन्हं.

अशा वेळी करायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. ग्राउंड जोडलंय का पाहिलं. पाठवायची आणि घ्यायची वायर उलटसुलट झाली का पाहिलं. चिप आणि पीसी यांचे व्होल्टेज जुळवणाऱ्या मॅक्स-२३२ चे कपॅसिटर तपासले. केबलच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या, कीबोर्डवर टाइप केलेलं तसंच परत आलं, म्हणजे केबल आणि ड्रायव्हर ठीक. मग बंद किटमधली चिप काढून चालू किटमध्ये बसवली. चालली. चालू किटमधली बंद किटमध्ये टाकली, तर पुन्हा कचरा. चाळीस मिनिटं गेली. म्हणजे खोट किटमध्येच आहे, इथवर मी आले होते. कुठे, ते सापडत नव्हतं. चार किट एकाच वेळी एकसारखे बिघडतात कसे, हे काही पटेना.

नवव्या टेबलावर त्या दिवशी एकच मुलगी होती, तिची जोडीदार आली नव्हती. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, वर्गात कधी तोंड उघडत नसे. बाकीचे तिघे टेबलवाले माझ्या मागे केबली घेऊन फिरत होते. ही जागेवर बसून, आलेली अक्षरं दाखवणाऱ्या रिअलटर्म या प्रोग्रामचा डिस्प्ले हेक्सवर टाकून प्रोग्राममधलं अक्षर बदलून बदलून काहीतरी लिहीत होती. मी जवळून जाताना म्हणाली, "मॅडम, हे कसंही येत नाहीये. ओळीनं येतंय."

रफ वहीत तिनं दोन रकाने केले होते. डावीकडे पाठवलेलं, उजवीकडे आलेलं. 'ए'चा हेक्स कोड ४१. ४१ ला ए१. ४२ ला ए२. ४३ ला ए३. असं पार ४८ ला ए८ पर्यंत. त्याखाली तिनं दोन्ही आकडे बायनरीत मांडले होते, एकाखाली एक:

०१०००००१
१०१००००१

"उजवीकडचे बरोबर आहेत मॅडम. डावीकडचे तीन सरकलेत."

मी तिथेच स्टूल ओढून बसले. इतकी वर्षं 'गार्बेज' म्हणून मुलांना केबल बदलायला सांगत आले होते, आणि ते गार्बेज या मुलीनं वाचून काढलं होतं.

सिरियलमध्ये अक्षर पाठवताना उजवीकडचा बिट आधी निघतो. पाठवणारा आणि घेणारा यांच्यात घड्याळाची तार नसते. अक्षराच्या आधी येणारा स्टार्ट बिट दिसला की घेणारा मनातल्या मनात मोजायला लागतो आणि ठरावीक अंतराने डोकावून बघतो: आता शून्य आहे का एक? ९६०० च्या वेगाने हे अंतर १०४ मायक्रोसेकंदांचं. पाठवणारा जरा घाईत असेल तर पहिले काही बिट निभतात, पण चूक साठत जाते. सहाव्या बिटासाठी डोकावावं तर दारात सातवा उभा. सातव्याच्या वेळी आठवा. आणि आठव्यासाठी बघावं तोवर अक्षर संपून स्टॉप बिट आलेला, तो कायम एकच असतो. तिच्या वहीत नेमकं हेच होतं. डावीकडचा एक हा स्टॉप बिट होता, आणि त्याच्या शेजारचे दोन एकेक घर सरकले होते.

म्हणजे किट घाईत होतं. किती, ते ऑसिलोस्कोपवर बघायचं ठरलं. तिला म्हटलं, "आता 'यू' पाठव." 'यू' म्हणजे ५५, एकाआड एक शून्य-एक, त्यात स्टार्ट आणि स्टॉप धरले की सलग चौकोनी लाट मिळते, मोजायला सोपी. प्रोब अकरा नंबरच्या पिनवर धरला. कर्सर तिनंच लावले. एका बिटाची रुंदी ९६ मायक्रोसेकंद. शेजारच्या चालू किटवर १०४. तोवर अख्खी बॅच आमच्या टेबलाभोवती गोळा झाली होती.

"३१,२५० भागिले ३," मागून कुणीतरी म्हणालं. "१०,४१६ येतात. मॅडम, हा १२ चा क्रिस्टल आहे! १२ मेगाहर्ट्झला १२ ने आणि ३२ ने भागलं की ३१,२५०च उरतात."

किटवर क्रिस्टल चिपच्या सॉकेटच्या दांडीमागे दबलेला असतो. मोबाइलचा टॉर्च मारून डबीवरची अक्षरं वाचली: १२.०००. चारही किटवर तेच.

मामांना बोलावलं. आमच्या लॅबचे मामा सोल्डरिंगला फार हुशार, त्यांचा एकेक जोड आरशासारखा असतो. पाय तुटलेले क्रिस्टल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत बदलले होते. ते म्हणाले, "मॅडम, पुण्याहून जे आलं ते बसवलं." मागणीपत्राची फाइल काढली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: क्रिस्टल, नग १०. पुढे फ्रिक्वेन्सीच नव्हती. बुधवार पेठेतल्या दुकानात नुसता क्रिस्टल मागितला की बाराचाच देणार, त्यात त्याचं काय चुकलं? तो सरळ आकडा आहे. बाराला बाराने भागलं की चिपचं एक पाऊल बरोबर एक मायक्रोसेकंदाचं होतं, टायमरच्या कामाला सोयीचं. फक्त ९६०० त्यातून निघत नाही. तीनने भागा, चारने भागा, जवळ काहीच येत नाही. साडेआठ टक्के चूक, आणि एका अक्षराचे दहा बिट धड पोचायचे तर चूक पाच टक्क्यांच्याही खूप आत हवी.

मुलं म्हणाली, आज प्रॅक्टिकल बुडलं. मी म्हटलं, क्रिस्टल बदलायचे नाहीत, हिशोब बदला. बारावर कोणता वेग बसतो, शोधा. पाच मिनिटांत दोघातिघांकडून उत्तर आलं: ३१,२५० ला १३ ने भागलं की २,४०३.८. म्हणजे २४०० ला जवळपास चिकटून, चूक हजारात दोनाच्याही आत. टीएच-वनमध्ये २४३, हेक्समध्ये एफ३, आणि पीसीवरही वेग २४०० करायचा. नवव्या टेबलावर 'ए' आला. मग उरलेल्या तिन्हींवर. सिम्युलेशनवर हेच प्रॅक्टिकल केलं असतं तर हा दिवस आमच्या वाट्याला आलाच नसता. तिथे क्रिस्टलच्या चौकटीत ११.०५९२ टाइप केलं की तो तेवढाच असतो.

बॅच सुटली. ती मुलगी वायरी गुंडाळत होती. मी विचारलं, "अगं, ही किट दिवाळीपासून अशीच आहेत. मग टायमरचं प्रॅक्टिकल कसं चाललं तुमचं?"

ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं जर्नल काढून तिसऱ्या प्रयोगाचं पान तिनं माझ्यासमोर ठेवलं.

टायमरचा प्रयोग असा: टायमर शून्यमध्ये ४सी०० भरायचं, ५० मिलिसेकंदाला तो उलटतो, वीस वेळा उलटला की एक सेकंद. दर सेकंदाला एलईडी बदलायचा. असे ६० बदल घड्याळ लावून मोजायचे आणि वेळ लिहायची. तिच्या पानावर आधी ५५ लिहिलेलं होतं. त्याभोवती लाल गोल होता, माझा. शेजारी माझ्याच अक्षरात: 'नीट मोजा. ६० यायला हवेत.' आणि त्याखाली, ५५ खोडून, निळ्या पेनानं ६०. त्याखाली माझी सही.

मी तिथेच हिशोब केला. बाराच्या क्रिस्टलवर ते ५० मिलिसेकंद ४६.०८ होतात. वीस वेळा म्हणजे ०.९२१६ सेकंद. साठ बदलांना ५५.३.

"तू किती वेळा मोजलं होतंस?"

"तीनदा मॅडम. दोनदा पंचावन्न आले, एकदा छपन्न." मग हळूच म्हणाली, "मला वाटलं माझाच मोबाइल हळू चालतोय."

त्या चार किटवर बसणाऱ्या बाकीच्या मुलांची जर्नलं मी नंतर काढून पाहिली. सगळ्यांच्या साठच होते. त्यांच्यावरही माझ्या सह्या होत्या, लाल गोल एकावरही नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी या खोलीत एकाच माणसानं खरोखर मोजलं होतं आणि त्याच्याकडून मी ते खोडून घेतलं होतं. सहीसाठी. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं, आणि हे लिहिताना आजही वाटतंय.

मी तिला म्हटलं, "चूक माझी होती. तुझं बरोबर होतं." ती एकदम गोंधळली, "नाही नाही मॅडम, असू दे," असं म्हणायला लागली. मी पेन मागितला. साठ खोडले, वर ५५ लिहिलं, लाल गोलावर काट मारली आणि त्या दिवसाची तारीख घालून पुन्हा सही केली.

तिनं जर्नल स्वतःकडे ओढून घेतलं. खाली दोन बोटं जागा उरली होती.

"मॅडम, इथे कारण लिहू का?"

"लिही की."

तिनं पट्टी ठेवून रेघ मारली आणि लिहायला बसली. मामा दिवे बंद करायला आले होते, ते दारातच थांबले.