जुना व्हॅट, साठ दिवस आणि निपाणीतले सी फॉर्म

मी कोल्हापुरात सेल्स टॅक्सची प्रॅक्टिस करतो, आता जीएसटीची म्हणा. 2018 च्या जूनमधली गोष्ट. एक वहिनी आल्या, स्टीलच्या कपाटांचं दुकान, मिस्टर आदल्या वर्षी गेलेले, हातात 2013-14 ची असेसमेंट ऑर्डर, म्हणजे खात्यानं त्या वर्षाचा कर ठरवून काढलेला आदेश. आधी त्या इन्कम टॅक्सचं रिटर्न भरणाऱ्याकडे गेल्या, मग जमिनीच्या केसेस चालवणाऱ्या वकिलांकडे, दोघांचं एकच, जीएसटी आला, जुनं सगळं संपलं, काळजी करू नका. असं बेधडक सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. व्हॅट म्हणजे राज्यातल्या विक्रीवरचा कर, सीएसटी म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर, आणि जीएसटी आला म्हणून त्यांची 30 जून 2017 पर्यंतची देणी कुठंही गेली नव्हती, आणि अपिलाला ऑर्डर मिळाल्यापासून फक्त साठ दिवस असतात. ऑर्डर मार्चअखेरची, म्हणजे मुदत उलटल्यात जमा. पण वहिनींनी लिफाफा जपून ठेवला होता, त्यावर पोस्टाचा एप्रिलमधला शिक्का स्पष्ट होता, त्यामुळं हातात अजून थोडे दिवस होते.

मामला सी फॉर्मचा, म्हणजे खरेदीदारानं त्याच्या राज्याच्या खात्याकडून काढून विकणाऱ्याला द्यायचा दाखला. जीएसटीआधी परराज्यातल्या व्यापाऱ्याला माल विकला आणि त्यानं सी फॉर्म दिला तर सीएसटी 2 टक्के लागायचा, नाही दिला तर आपल्या राज्याचा दर, कपाटांना तेव्हा साडेबारा टक्के होता. यांची 18 लाखांची विक्री फॉर्मविना दिसत होती, म्हणजे फरकच 1 लाख 89 हजार, व्याज वेगळं. गंमत म्हणजे सीएसटी कायदा केंद्राचा, पण असेसमेंट आणि वसुली आपलंच राज्य करतं, म्हणून इथं राज्याच्या विक्रीकर खात्यात अपिलं चालवलेला माणूसच लागतो. तो पहिल्यांदा काय विचारतो बघा, ऑर्डर कधी हातात पडली असं विचारलं तर बसा त्याच्यासमोर.

बिलं काढली, दोन पार्ट्या कर्नाटकातल्या निपाणीच्या, एक बेळगावची. तिथूनच फोन लावला. निपाणीचे एक शेठ म्हणाले, "अहो फॉर्म काढून फायलीत पडलेत, दादा दवाखान्यात होते, न्यायला कोण आलंच नाही!" वहिनींच्या डोळ्यांत पाणीच आलं. दुसऱ्यांनीही त्यांच्या खात्याकडून काढून दिले. बेळगावच्या पार्टीचं दुकानच बंद झालेलं, तेवढा फरक व्याजासकट भरावा लागला.

अपील मुदतीत दाखल केलं, फॉर्म द्यायला उशीर का झाला त्याचं सबळ कारण म्हणून दवाखान्याचे कागद जोडले, आणि निपाणीचे फॉर्म मान्य झाले. मग लगेच 2014-15 ची बिलं काढायला घेतली, त्या वर्षाची ऑर्डर अजून यायची होती.