आमची वाटचाल : चार ओळींची सूचना

सांगलीत विश्रामबागेत एका मेडिकल दुकानाच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आम्ही पाच जण. सुरुवात प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाई भरण्यापासून आणि कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅब सांभाळण्यापासून झाली. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आज आमचं बहुतेक काम कोहाचं आहे, आणि ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो तीही कोहाचीच.

कोहा म्हणजे ग्रंथालयाचा सगळा कारभार सांभाळणारं ओपन सोर्स, म्हणजे कुणीही वापरावं आणि बदलावं असं खुलं सॉफ्टवेअर. १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टला कळून चुकलं, की आपली जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नाही. त्यांनी तिथल्याच एका कंपनीकडून नवी लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि सगळ्या जगाला खुली करून दिली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आमच्याकडच्या ग्रंथपालांना ते पटण्याची कारणं व्यवहाराची आहेत. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, मराठी पुस्तकांची नोंद मराठीत होते, आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात ग्रंथालयाचं संगणकीकरण कोणत्या सॉफ्टवेअरने, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या वर्षी झालं ते विचारतात, तिथे लिहायला ठोस उत्तर असतं.

परीक्षा संपल्या की कॉलेजच्या ग्रंथालयाबाहेर नो ड्यूजची रांग लागते. मुलाकडे पुस्तक बाकी नाही, दंड बाकी नाही, असा दाखला असल्याशिवाय त्याला टीसी मिळत नाही. ही माहिती कोहात असतेच, पण कॉलेजला हवा तसा मराठी दाखला एका क्लिकवर छापून हवा होता. आम्ही एका कॉलेजसाठी तसं छोटं प्लगइन, म्हणजे कोहाला जोडायचा पूरक भाग, लिहिलं, आणि कोहा ज्या परवान्याखाली आहे त्याच परवान्याखाली ते सगळ्यांना खुलं केलं. आपण इतकी वर्षं दुसऱ्यांनी खुल्या केलेल्या कामावर पोट भरतो, तर आपलंही काही त्यात पडावं, एवढाच विचार होता. सोबत चार ओळींची सूचना दिली. कोहात प्लगइनची सोय चालू करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, फाइल चढवा, दाखल्याचा मजकूर भरा. आम्हाला ती पुरेशी वाटली, कारण तोवर ती फक्त आम्हीच वाचली होती.

एका मे महिन्यात जत तालुक्यातल्या एका कॉलेजातून ग्रंथपाल सरांचा फोन आला. ते आमचे ग्राहक नव्हते. प्लगइन त्यांनी स्वतः उतरवून घेतलं होतं. म्हणाले, "तुमच्या सूचनेप्रमाणे केलं, आता कोहाच उघडत नाही. बाहेर पोरं उभी आहेत." फोन माझ्या भागीदाराने घेतला. तो म्हणाला, "सर, ते मोफत आहे, परवान्यातच लिहिलंय की हमी नाही." तो खोटं बोलला नव्हता. कोहाचा परवाना म्हणजे जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची तिसरी आवृत्ती. तिच्या १५व्या कलमात स्पष्ट म्हटलंय, की प्रोग्राम आहे तसा दिला आहे, हमी नाही, दोष निघाला तर दुरुस्तीचा खर्च वापरणाऱ्याचा.

संध्याकाळी त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी आमची सूचना काढून वाचली. 'प्लगइनची सोय चालू करा.' कोणती फाइल, ती कुठे असते, हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवायची की नाही, यातलं काहीच तिथे नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी जतला गेलो.

कोहाची मूळ सेटिंग्ज एका एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे खुणांच्या जोड्यांत माहिती लिहिलेल्या फाइलमध्ये, असतात. तिथे एका ओळीत दोन खुणांच्या मधे शून्य असतो, त्याच्या जागी एक घातला की प्लगइनची सोय चालू होते. सरांनी एक घातला होता, पण तो घालताना शेजारच्या खुणेतली, खूण बंद करणारी तिरपी रेघ पुसली गेली होती. अशा फाइलमध्ये उघडलेली खूण नीट बंद झाली नाही तर अख्खी फाइलच वाचता येत नाही. रीस्टार्ट करेपर्यंत सगळं सुरळीत चाललं, म्हणून सरांना शंकाही आली नाही. रीस्टार्ट केलं आणि सगळंच बंद पडलं. दुरुस्तीला मला दोन मिनिटं लागली. सर मात्र आदल्या दुपारपासून जुन्या रजिस्टरांवरून पडताळून हाताने दाखले लिहीत बसले होते. चहा देताना म्हणाले, "चूक माझीच, रेघ माझ्याच हातून गेली."

मला ते मान्य करता आलं नाही. आजही येत नाही. कायद्याने आम्ही मोकळे होतो. पण 'असं करा' हे आम्ही सांगितलं होतं, आणि त्या माणसाने आमच्या शब्दावर विसंबून चालत्या यंत्रणेला हात घातला होता.

ती सूचना आज अकरा पानांची आहे. ती कशी लिहिली ते सांगायला हवं, कारण आमच्या कामात खरा बदल त्यातूनच झाला. आमच्याकडे हिशेब बघणाऱ्या ताई आहेत, बी.कॉम. झालेल्या. कोहा ज्यावर चालतं त्या लिनक्सची काळी खिडकी, म्हणजे कमांड टाइप करायचं टर्मिनल, त्यांनी कधी वापरलेली नव्हती. नव्या सूचनेचा कागद देऊन त्यांना चाचणीच्या मशीनसमोर बसवलं आणि आम्ही ठरवलं, की कुणी तोंड उघडायचं नाही. ताई जिथे अडतील तिथे कागद चुकला असं धरायचं. त्या पासवर्डवरच अडल्या. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. त्यांना वाटलं कीबोर्ड बिघडला. आम्ही वर्षानुवर्षं रोज पासवर्ड टाकत होतो, ही गोष्ट लिहावी असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. असे सात दिवस गेले. आता प्रत्येक कमांडखाली 'पडद्यावर हे दिसेल' असं लिहिलेलं आहे, आणि 'हे दिसलं नाही तर इथेच थांबा, पुढचं करू नका' असंही. पहिल्या पानावर प्लगइन कोहाच्या कोणत्या आवृत्त्यांवर आणि डेबियन या लिनक्सच्या कोणत्या आवृत्तीवर आम्ही चालवून पाहिलं ते. शेवटच्या पानावर प्लगइन काढून कसं टाकायचं ते. काढायची वाट माहीत नसलेल्या माणसाने घालूच नये, असं माझं मत आहे.

बॅकअपचं पान मात्र पाण्याने शिकवलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, तेव्हा आमच्या एका ग्राहकाचा तळमजल्यावरचा सर्व्हर पाण्यात गेला. रोजचा बॅकअप आम्हीच लावून दिला होता आणि तो एक दिवसही चुकला नव्हता. तो त्याच डिस्कवर जात होता. बाहेर प्रत कुणी न्यायची, हे आम्हीही लिहिलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. नोंदी पुन्हा करायला कित्येक महिने गेले, आणि त्यांची भिजलेली पुस्तकं तर गेलीच. आता बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन इमारतीबाहेर कोण ठेवणार, त्या व्यक्तीचं नाव करारात लिहून घेतल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही.

प्रत्येक कोटेशनला आता आम्ही एक पान जोडतो. आमच्या प्लगइनमध्ये दोष असेल तर तो आम्ही विनामूल्य दुरुस्त करतो, फोन करणारा आमचा ग्राहक असो वा नसो. मूळ कोहातच दोष असेल तर तो कोहा लिहिणाऱ्यांच्या बग नोंदवहीत, म्हणजे दोषांच्या यादीत, आम्ही नोंदवतो, नोंदीचा क्रमांक ग्रंथपालांना कळवतो. पण तो केव्हा सुधारेल हे आमच्या हातात नाही, आणि तेही तिथे लिहिलेलं आहे. वीज, नेटवर्क, मशीन कॉलेजचं. आवृत्ती बदलायची असेल तर आधी कळवायचं, आणि नो ड्यूजच्या महिन्यात बदलायचीच नाही. याच्यापलीकडची मदत हवी तर वार्षिक करार.

या पानावरून आणि त्या अकरा पानी सूचनेवरून भागीदाराचं आणि माझं बरंच वाजलं. "इतकं सगळं लिहून दिलं तर आपल्याला बोलावणार कोण?" हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. इन्स्टॉलेशनच्या फेऱ्या खरोखर कमी झाल्या आणि एक वर्ष ओढाताणीचं गेलं. मग जुन्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी कोहात आणण्याचं आणि आवृत्ती बदलून देण्याचं काम वाढलं. त्या कामाचे पैसे मागताना मला संकोच वाटत नाही, कारण ज्या परवान्यात हमी नाकारली आहे त्याच परवान्याच्या चौथ्या कलमात मदतीसाठी आणि हमीसाठी मोबदला घ्यायची मुभाही दिली आहे.

एका प्राचार्यांनी विचारलं होतं, "फुकटच्या सॉफ्टवेअरला देखभालीचे पैसे कसले?" त्यांची तासगावला द्राक्षबाग. मी म्हटलं, "सर, काड्या शेजाऱ्याने फुकट दिल्या तरी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी कुणाला चुकते?" कोहाचंही तसंच आहे, मे आणि नोव्हेंबर अशा वर्षातून दोन नव्या आवृत्त्या येतात, आणि प्रत्येक वेळी प्लगइन नव्याने तपासावं लागतं. त्यांनी करार केला.

जतचे सर आता सूचनेची प्रत्येक नवी प्रत आमच्याआधी वाचतात, आम्हीच त्यांना तशी विनंती केली आहे. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. सातव्या पानावर फाइल चढवायचं बटण जिथे आहे म्हणून लिहिलंय, तिथे ते त्यांच्या पडद्यावर दिसत नव्हतं. त्यांनी नवी आवृत्ती टाकली होती, आणि आमचं चित्र जुन्या आवृत्तीचं होतं. चित्र त्याच दुपारी बदललं, खाली तारीख घातली. नवी प्रत नो ड्यूजच्या आधी सगळ्यांकडे पोचायला हवी, ताई आत्ता तेच करत आहेत.