एचएसआरपी लावायची असेल तर फ्रेम आधी घ्या

गाडीच्या नंबर प्लेटला फ्रेम लावायचा विचार असेल तर एक गोष्ट सगळ्यात आधी, फ्रेम प्लेट बसायच्या आधी घरात आणून ठेवा, नंतर बघू असं करू नका. एचएसआरपी, म्हणजे सरकारने सक्तीची केलेली हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, साध्या स्क्रूवर बसत नाही, स्नॅप लॉकवर बसते, आणि ते लॉक एकदा बसलं की काढायचं म्हणजे तोडायचंच, कारण ते बनवलंच तसं असतं, कुणी प्लेट उचकटून दुसऱ्या गाडीला लावू नये म्हणून. म्हणजे प्लेटच्या मागे आधाराला काही घालायचं असेल तर ते लॉक लागायच्या आधीच आत गेलं पाहिजे.

आमच्या बाबांची वॅगनआर जुनी, एमएच १२ पासिंगची. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना शोरूममधूनच एचएसआरपी लागून येते, त्याआधीच्या गाड्यांना आपण बुकिंग करून बसवून घ्यायची. आपल्याकडे पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती, ती नंतर बऱ्याचदा वाढली, त्यामुळे गेल्या वर्षी पुण्यात जिकडे जावं तिकडे हाच विषय, तुमची झाली का, सेंटर कुठलं मिळालं, तारीख कधीची मिळाली. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. आम्हालाही तारीख जरा लांबची मिळाली आणि तेवढ्यात मी फ्रेमचं बघून घेतलं.

फ्रेम हवीच कशाला असं बाबांचंही म्हणणं होतं. पण ही प्लेट म्हणजे १ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आहे हो, आणि आमची गाडी उभी असते सदाशिव पेठेत, जिथे पुढून मागून टू-व्हीलर खेटून लागतात आणि प्रत्येक जण स्टँडवरून काढताना आपल्या बंपरला थोडं थोडं लावून जातो. जुन्या प्लेटचा डावा कोपरा असाच दुमडून दुमडून शेवटी तडकला होता. फ्रेमचं काम माझ्या मते एवढंच, पत्र्याला मागून सपाट आधार आणि कडांना संरक्षण. शोभा हा त्यातला विषयच नाही.

आता फ्रेम निवडायची तर प्लेटवर काय काय असतं ते माहीत पाहिजे. कारची नेहमीची प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर. डावीकडे वर अशोकचक्राचा होलोग्राम, २० बाय २० मिलिमीटरचा, त्याच्या खाली निळ्या रंगात आयएनडी, आणि अगदी डाव्या खालच्या कोपऱ्याजवळ लेझरने कोरलेला एक कायमचा नंबर, जो बारीक असतो आणि लांबून कळतही नाही. नंबरची अक्षरं ६५ मिलिमीटर उंच, आणि त्यांच्यावरच्या काळ्या फिल्ममध्ये तिरपं तिरपं इंडिया छापलेलं असतं, उन्हात जवळ जाऊन बघा, दिसतं. यातली एकही गोष्ट फ्रेमखाली जाता कामा नये. आणि नेमका तो लेझरचा नंबरच सगळ्यात आधी झाकला जातो, कारण तो कडेला असतो आणि बाजारातल्या निम्म्याअधिक फ्रेमची पुढची पट्टी चांगली बोटभर रुंद असते.

मी गेले नाना पेठेत, गाडीचं काहीही घ्यायचं तर तिथेच जायचं. दुकानदार काका चांगले होते, एकामागून एक काढत होते, ताई ही क्रोमची बघा, ही कार्बन फायबर लूकची, ही वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवाली, धूळ बसणार नाही. क्रोम उन्हात चमकते आणि काही महिन्यांत तिचे पापुद्रे निघतात. अ‍ॅक्रिलिकचं कव्हर तर मी कुणालाच लावू देणार नाही, कारण प्लेटचा पांढरा शीट मुद्दाम प्रकाश परत फेकणारा बनवलेला असतो, रात्री हेडलाइट पडला की नंबर उठून दिसावा म्हणून, आणि त्याच्यावर आपण प्लास्टिक चढवलं की ते पिवळं पडतं, त्यावर चरे पडतात, आतून वाफ धरते, आणि कॅमेऱ्यात नंबरच्या जागी नुसता पांढरा डाग येतो. कायदा राहू दे बाजूला, नंबर वाचता येणं ही रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाची गरज आहे. आमच्या सोसायटीतल्या काकांना पौड रोडवर एका कारने उडवलं, कार थांबली नाही, बघणारे चार जण होते आणि चौघांनाही शेवटचे आकडे सांगता आले नाहीत, कारण प्लेटवर काळपट कव्हर होतं. काका बरे झाले, पण ती गाडी काही सापडली नाही. तेव्हापासून मला या विषयात ‘चालतंय की’ म्हणणारी माणसं सहन होत नाहीत.

फ्रेमवर खाली ‘दादा’, ‘भाऊ’, आडनाव, किंवा शोरूमचं नाव छापलेलं असतं तेही मला नको होतं. गाडी आपली, पैसे आपले, आणि जाहिरात मात्र शोरूमची वर्षानुवर्षं आपण फिरवायची. दुकानदार काकांना तसं सांगितलं तर त्यांनी आतून साधी मॅट काळी काढून दिली, दोन भागांची, मागे पातळ ट्रे आणि पुढे अरुंद रिंग, ट्रेच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं. ही भोकं बघूनच घ्या. आपल्याकडच्या पावसात ट्रेमध्ये चिखल साठला की तो तसाच वाळून बसतो आणि प्लेट पुढे ढकलायला लागतो.

प्लास्टिक कसं आहे ते बघायची माझी पद्धत सांगते. रिंगच्या मागे जे छोटे टॅब असतात ना अडकवायचे, त्यातला एक अंगठ्याने हलकाच दाबायचा. चांगला असेल तर दबतो आणि परत जागेवर येतो. हलक्यातला असेल तर मुळाशी पांढरी रेघ उमटते, आणि ती उमटली की समजायचं, एका उन्हाळ्यात हा टॅब तुटणार. पहिल्या फ्रेमला अशी रेघ आली आणि काकांनीच न बोलता ती बाजूला ठेवली.

घरी आणल्यावर मुख्य काम भोकांचं. ट्रेची तयार भोकं आणि गाडीची भोकं जुळतील याची काही खात्री नसते. मी आणि माझ्या मामेभावाने जुनी प्लेट सोडवली, बंपरवर पेपरचं पान घट्ट धरलं, भोकांच्या जागी अंगठा दाबला, कागद तिथे आत गेला आणि गोल खुणा उमटल्या. तोच कागद ट्रेवर चिकटवून ड्रिल मारलं. भोक पाडायचं ते ट्रेला, एचएसआरपीला जास्तीचं भोक अजिबात पाडायचं नाही.

सेंटरवरचा मुलगा आधी नाही म्हणाला, ताई आम्ही फ्रेमवर बसवत नाही. मी त्याला ट्रे हातात दिला. त्याने जाडी बघितली, बोटांत वाकवून बघितला आणि म्हणाला, हा पातळ आहे, हा चालेल. त्याचं कारण बरोबर होतं, लॉकची दांडी ठरावीक लांबीची असते, प्लेट, ट्रे आणि बंपर एवढं सगळं ओलांडून ती पलीकडे पकडली पाहिजे, ट्रे जाड असला तर ती अर्धवटच धरते. त्याने ट्रे ठेवला, वर प्लेट, लॉक मारलं, मग पुढची रिंग मी स्वतः दाबून बसवली. चारही बाजूंनी टक् टक् आवाज आला पाहिजे. एचएसआरपीसोबत पुढच्या काचेला लावायचा स्टिकर मिळतो, तोही त्याच वेळी घेतला, पेट्रोल गाडी म्हणून निळा.

मागच्या प्लेटला दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे खडखडाट. डिकी आपटली की ट्रे पत्र्यावर वाजतो, म्हणून ट्रेच्या मागे कोपऱ्यांना आणि मधे फोमच्या टेपचे तुकडे लावले, तेही लॉक मारायच्या आधी, आता आवाज नाही. दुसरं म्हणजे नंबरवरचा दिवा. तो वरून खाली पडतो, आणि रिंगची वरची कड उंच असली की तिची सावली थेट अक्षरांच्या डोक्यावर पडते. अंधार पडल्यावर दिवे लावून पंधराएक पावलं मागे जाऊन बघा, नंबर सरळ वाचता आला पाहिजे. आमच्या मागच्या रिंगची वरची कड मी पॉलिश पेपरने घासून थोडी उतरवली. डिकीचं बटण किंवा रिव्हर्स कॅमेरा प्लेटच्या लगेच वर असेल तर फ्रेम त्याला लागत नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्या.

ज्यांची एचएसआरपी आधीच बसलीय त्यांनी लॉक तोडायच्या भानगडीत पडू नका. लॉक तुटलं की परत सेंटरच्या चकरा. नुसती पुढून कडेला अडकणारी रिंग मिळते, ती लावा, मागून आधार मिळत नाही पण कोपरे तरी वाचतात.

आणि काही गाड्यांना मागे लांबट प्लेट बसत नाही, तिथे ३४० बाय २०० ची असते. दुकानात नुसतं कारची फ्रेम द्या म्हटलं की लांबटच हातात येते, म्हणून जाताना गाडीचा पुढून एक आणि मागून एक फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.